तारामतीबाईंनी कपाटे लावली त्याची गोष्ट

दि. १५ जून २०२३ रोजी करंजगावच्या सार्वजनिक वाचनालयाने आपल्या ग्रंथपाल तारामतीबाई यांना २,३५० रुपये रोख दिले. लातूरच्या ग्रंथालय प्रशिक्षण वर्गाची फी दोन हजार आणि वरचे साडेतीनशे बसभाड्याचे. व्हाउचरवर सही करून त्यांनी मला विचारले, "साहेब, नापास झाले तर हे परत भरायचे का?"

"ठरावात तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग लिहू पण नका."

मी या वाचनालयाचा कार्यवाह आहे. नोकरी औशात, एका पतसंस्थेत मुख्य लेखापाल म्हणून. पुढच्या वर्षी तीही संपेल. करंजगाव हे माझ्या आईचे गाव. गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी मी तिथे जातो, जमाखर्च बघतो आणि एखादे पुस्तक घेऊन परत येतो. तारामतीबाईंना मी एकोणीस वर्षे ओळखतो, म्हणून त्यांच्याविषयी लिहायला हरकत नसावी.

त्या मूळच्या मुदखेडच्या. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. जंक्शन असल्यामुळे गाड्या तिथे बराच वेळ थांबत, आणि प्रवासी वाचून झालेली मासिके डब्यातच टाकून जात. वडील ती घरी आणत. कधी पहिली पाने नसत, कधी शेवटची. "मला बरेच दिवस वाटायचं की गोष्ट मधूनच सुरू होते," असे त्या सांगतात. बारावी झाल्यावर लग्न होऊन त्या करंजगावला आल्या. यजमान हणमंतराव यांचे फाट्यावर चहाचे हॉटेल आहे. वाचनालयाला माणूस हवा होता तेव्हा अध्यक्ष संगमेश्वर गुरुजी हॉटेलात चहा पीत बसले होते. गल्ल्यावर बसून कादंबरी वाचणारी बाई त्यांनी पाहिली आणि तिथेच विचारले. त्यावर हणमंतराव म्हणाले होते, "न्या गुरुजी. हितं ती चहात साखर दोनदा टाकायली."

प्रशिक्षणाचा विषय निघाला तो तपासणीमुळे. ग्रंथपालाकडे प्रमाणपत्र नाही, असा शेरा लागोपाठ दोन वर्षे आला होता. कार्यकारिणीने ठराव केला की या वर्षी तारामतीबाईंनी प्रमाणपत्र मिळवावे, नाहीतर नव्या आर्थिक वर्षापासून प्रमाणपत्र असलेला दुसरा ग्रंथपाल नेमावा. ठराव मीच लिहिला. वाचून दाखवला तेव्हा बाई खाली बघत होत्या. नंतर एवढेच म्हणाल्या, "सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पुन्हा शाळेत घाला."

वर्ग दर रविवारी लातूरला भरत असे. महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्यामुळे साडेतीनशे रुपये बरेच दिवस पुरले. शिकवायला राजश्री मॅडम होत्या. नांदेडच्या एका कॉलेजात तीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करून त्या निवृत्त झालेल्या. आवाज बारीक, पण शेवटच्या बाकावरचा माणूससुद्धा वहीतून डोके वर काढत नसे, असे बाई सांगत. पुस्तकांना विषयावरून आकडे देण्याची पद्धत त्यांनी शिकवली. दोनशेचे आकडे धर्माला, सहाशेचे शेती, पशुपालन, स्वयंपाक अशा कामाच्या विद्यांना, आठशेचे साहित्याला. बाई बसमध्ये आकडे पाठ करत. घरी हणमंतराव त्यांची परीक्षा घेत.

"भजी किती?"

"सहाशे एक्केचाळीस."

"आन् भजनं?"

"दोनशे चौऱ्याण्णव."

"बगा साहेब," हणमंतराव मला म्हणाले, "एका अक्षराचा फरक, तर साडेतीनशेच्या जवळ अंतर पडायलंय."

ऑक्टोबरात मॅडमनी सगळ्या वर्गाला नांदेडला नेऊन तिथले एक मोठे ग्रंथालय दाखवले. बाई पहाटेच्या गाडीने गेल्या. परत आल्यावर संगणकाविषयी, वाचकांच्या ओळखपत्रांविषयी खूप बोलल्या. एक गोष्ट त्यांनी सगळ्यांत शेवटी सांगितली. तिथे कपाटांवर कोणाचीच नावे नव्हती. त्यांनी तिथल्या माणसाला विचारले, देणगीदारांची नावं कुठं लिहिता? त्याने एक पुस्तक उघडून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. अमुक यांच्या स्मरणार्थ, अमुक यांजकडून. बाईंना ते विशेष वाटले. आमच्याकडे सगळेच उलटे होते.

आमच्या वाचनालयात सहा लोखंडी कपाटे आहेत आणि प्रत्येकाच्या दारावर लाल अक्षरांत एक नाव आहे. ज्याने कपाट दिले त्याने पुस्तकेही दिली, आणि ती पुस्तके त्याच कपाटात राहिली. वाचक पुस्तक विषयावरून मागतच नसत. "पाटलांच्या कपाटातलं ते जाड", "मंडळाच्या कपाटात खाली पडलंय ते", असे मागत. यातले सर्वांत जुने कपाट कै. शिवलिंगप्पा यांच्या स्मरणार्थ दिलेले. त्यांचे चिरंजीव महादेवप्पा यांचे लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचे दुकान आहे. वाचनालय ज्या दोन खोल्यांत चालते त्या खोल्याही त्यांच्याच, भाडे न घेता दिलेल्या. शिवलिंगप्पा चाळिशीत अक्षर शिकले आणि मरेपर्यंत गावाला पुराण वाचून दाखवत राहिले, असे जुने लोक सांगतात. दर मार्गशीर्षात त्यांच्या पुण्यतिथीला महादेवप्पा गावी येतात, कपाटाला हार घालतात, दाराला विभूती लावतात, दार उघडतात आणि पुस्तकांच्या पाठीवरून हात फिरवतात. त्या दिवशी कपाट भरलेले असावे असा रिवाज होता. त्यामुळे आठवडाभर आधीपासून बाई घरोघर जाऊन त्या कपाटातली पुस्तके परत मागत. त्याच कटकटीने लोक त्या कपाटातले पुस्तक सहसा नेत नसत.

वर्ग नोव्हेंबरात संपले. परीक्षेचा अर्धा भाग प्रात्यक्षिकाचा होता. आपले वाचनालय विषयवार लावायचे आणि मॅडम येऊन ते बघणार. डिसेंबरात बाईंनी काम सुरू केले. सगळी पुस्तके जमिनीवर काढली, प्रत्येकावर आकड्याची पट्टी लावली आणि डावीकडच्या पहिल्या कपाटापासून उजवीकडे ओळीने भरत गेल्या. मी गुरुवारी गेलो तेव्हा काम संपले होते. खोली स्वच्छ दिसत होती. दोन तरुण शेळीपालनाचे पुस्तक घेऊन चालले होते. त्यांनी ते पुस्तक वाचनालयात आहे हेच इतकी वर्षे ऐकले नव्हते. धर्माच्या पुस्तकांपुढे म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. शिवलिंगप्पांच्या कपाटातली पुराणे आणि चरित्रे आता आपापल्या जागी गेली होती आणि तीन दिवसांत त्यातली तीसच्या वर पुस्तके बाहेर गेली होती. बाई खुशीत होत्या. मीही समाधानाने पाहिले. दारांवरच्या नावांकडे किंवा जवळ आलेल्या पुण्यतिथीकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नाही.

शनिवारी पुण्यतिथी होती. महादेवप्पा हार घेऊन आले. मी नव्हतो, गुरुजी होते आणि बाई होत्या. त्यांनी हार घातला, विभूती लावली, दार उघडले आणि हात पुढे केला. तो तसाच थांबला.

आकड्यांच्या ओळीत शिवलिंगप्पांच्या कपाटाला सहाशेचे आकडे आले होते. वरच्या फळीवर 'आधुनिक कुक्कुटपालन'. त्याच्याशेजारी गावरान आणि ब्रॉयलर यांचा तुलनात्मक विचार. खालच्या फळीवर सामिष पाककृतींची दोन पुस्तके, वरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तळलेली मासळी.

महादेवप्पांच्या घरात सात पिढ्यांत कोणी अंडे फोडलेले नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "माझ्या बापानं कोंबड्या कवा पाळल्या?"

बाई पुढे होऊन म्हणाल्या, "अप्पा, चूक माझी हाय. आकडे लावताना दारावरचं नाव बघितलंच न्हाई."

"बापाची पुस्तकं कुठं हायेत?"

"विषयवार लावलीत. आन् निम्मी वाचायला गेलीत."

"वाचायला," महादेवप्पा म्हणाले. त्यांनी हार काढला नाही, पण दार लावून घेतले. "मंगळवारी मी पुन्हा येतो. बापाची पुस्तकं बापाच्या कपाटात पायजेत. न्हाईतर तुमी दुसऱ्या खोल्या बगा." आणि ते गाडीत बसून गेले.

राजश्री मॅडम बुधवारी येणार होत्या.

रविवारी सकाळी हणमंतरावांच्या हॉटेलात गुरुजी, बाई आणि मी बसलो. गुरुजींनी उपाय सांगितला. मंगळवारी सकाळपर्यंत पुस्तके जुन्यासारखी शिवलिंगप्पांच्या कपाटात ठेवायची, महादेवप्पा गेले की काढायची आणि पुन्हा विषयवार लावायची. बुधवारी मॅडमना सगळे ठीक दिसेल.

"म्हणजे मंगळवारी अप्पांना फसवायचं आन् बुधवारी मॅडमला," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळी दारात मीच उभी राहणार, गुरुजी. आन् पुढच्या वर्षी काय करायचं? दर पुण्यतिथीला पुस्तकं घरी बोलवायची?"

"मग खोल्या जाऊ द्यायच्या का? ग्रंथपाल राहिला आन् वाचनालयच न्हाई राहिलं तर काय?"

"आन् वाचनालय राहिलं आन् मी न्हाई राहिले तर?"

हणमंतराव ग्लास विसळत होते. ते म्हणाले, "तर मला हितं माणूस मिळंल. पण साखरेचा खर्च वाढंल." बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे वळल्या.

"साहेब, उद्या सकाळी मोंढ्यात चला. हिशोबाचा माणूस संगं असला की अप्पा कमी बोलतात."

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. औशाहून लातूरच्या बसमध्ये बाई फारसे बोलल्या नाहीत. मांडीवरच्या पिशवीत काय आहे, हे मी विचारले नाही. मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात होती. महादेवप्पांच्या दुकानापुढे दहाबारा ढीग पडले होते आणि प्रत्येकात शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी खोचलेली होती. महादेवप्पा गादीवर बसलेले होते. त्यांनी आम्हाला पाणी दिले, चहा मागवला. मग म्हणाले, "बोला."

बाईंनी बसमध्ये बोलण्याची तयारी केली असावी. त्या म्हणाल्या, "अप्पा, माल मालासारखा लावावा लागतो. तुमच्या दुकानात तूर तुरीत आन् सोयाबीन सोयाबीनमध्येच ठेवता ना? कुणी आणलं ते बघून एका जागी ठेवता का?"

"मग काय करतो?" महादेवप्पांनी बाहेर बोट दाखवले. "डोळे हायेत ना तुला? एकेकाचा ढीग वेगळा हाय. नावाची चिठ्ठी हाय. एकाचा दाणा दुसऱ्यात गेला तर शेतकरी माझी गचांडी धरील."

दुकानातला हमाल हसला. बाईंचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत त्यांनी हे मोंढ्यात कितीदा पाहिलेले, पण वेळेवर आठवले नाही. मीही खाली बघितले. त्यांचे म्हणणे तिथेच संपले असते. पण त्या बाहेरच्या ढिगांकडे बघत राहिल्या.

"सौदा झाल्यावर?" त्यांनी विचारले.

"सौदा झाल्यावर काय?"

"सौदा झाल्यावर ढीग तसेच ठेवता का?"

"सौदा झाला की माप होतं, पोत्यात भरतात, जिकडं जायचं तिकडं जातं. मग कुणाचा दाणा कोणता, देवाला ठाऊक."

"मग आपल्या पुस्तकांचा सौदा कवा झाला, अप्पा? तेवीस वर्षं ढीगच पडून हाय."

चहा आला. बाईंनी कपाला हात लावला नाही. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढून गादीवर ठेवले. शिवलिंगप्पांच्या कपाटातले एक पुराण होते ते, लाल कापडी बांधणीचे. त्यांनी पुठ्ठा उलटला. आतल्या बाजूला हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. 'कै. शिवलिंगप्पा यांच्या स्मरणार्थ. दाता : चि. महादेवप्पा.' अक्षर बाईंचेच, पण एरवीपेक्षा सावकाश काढलेले.

"हे पुस्तक खालच्या आळीतल्या गौरम्मांकडं होतं," त्या म्हणाल्या. "काल मागायला गेले आन् तिथंच चिठ्ठी लावली. त्यांना दिसत न्हाई, सून वाचून दाखवती. सुनेनं चिठ्ठी वाचली तवा म्हातारी म्हणाली, शिवलिंगप्पा वाचायचे तवा मी वट्ट्याखाली बसायची. मग तिनं पुस्तक सोडंचना. उद्या परत नेऊन देते म्हणाले, तवा दिलं."

महादेवप्पांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग पुस्तक मिटून पुन्हा उघडले आणि पुन्हा वाचली.

"असं सगळ्याला लावणार?"

"हाव. नांदेडला मोठ्या ग्रंथालयात असंच करून राहिले. कपाटावर न्हाई, पुस्तकावर."

"कपाटावरचं काढायचं न्हाई."

"न्हाई काढत."

"आन् हातानं कामून लिहायलीस? छापून घे चांगल्या जाड कागदावर. पैसे माझ्याकडून ने." मग ते माझ्याकडे वळले. "अमृतराव, तुमी साक्षीदार." मी मान हलवली. पैसे त्या वेळी कोणी काढले नाहीत आणि कोणी मागितलेही नाहीत.

आम्ही उठलो तेव्हा ते म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. कोंबडीचं काय?"

"कोंबडी आज हलवते, अप्पा."

त्याच दिवशी दुपारी हणमंतरावांनी हॉटेल एका माणसावर सोपवले आणि चहाला आलेल्या चौघांना घेऊन वाचनालयात आले. उपाय सोपा होता आणि आधीच सुचायला हवा होता. आकड्यांची ओळ बदलायची गरजच नव्हती, कपाटांच्या जागा बदलायच्या होत्या. दुसऱ्या जागी, जिथे दोनशेचे आकडे येत होते, तिथे तरुण मंडळाचे कपाट उभे होते. दोन्ही कपाटे रिकामी केली आणि एकमेकांच्या जागी नेली. "धर्म डावीकडं, कोंबडी उजवीकडं," असे म्हणत हणमंतराव कपाट ढकलत होते. आता शिवलिंगप्पांच्या कपाटात गावातली सगळी धर्माची पुस्तके आली आणि कुक्कुटपालन मंडळाच्या कपाटात गेले. मंडळाच्या अध्यक्षाला विचारले तर तो म्हणाला, "आमाला चालतंय. मासे वरच्या फळीवर ठेवा." बाईंनी घरी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि संध्याकाळपर्यंत शिवलिंगप्पांच्या पुस्तकांपैकी जेवढी वाचनालयात होती तेवढ्यांना हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या.

मंगळवारी महादेवप्पा आले. मी होतो. त्यांनी दार उघडले आणि पाठीवरून हात फिरवला. मधे मधे मोकळी जागा होती. काही पुस्तके त्यांच्या वडिलांची नव्हती, हे त्यांना कळले, पण ते त्याविषयी बोलले नाहीत. "पुराणाच्या पाच खंडांतला तिसरा कुठं हाय?" त्यांनी विचारले.

"शिंप्याच्या घरी."

"चौथा?"

"मास्तरीणबाईंकडं. त्यांनी तिसऱ्याच्या आधीच चौथा नेला."

"पुढच्या पुण्यतिथीला पाची खंड मला कपाटात दिसले पायजेत."

"वाचायला गेले नसले तर दिसतील, अप्पा."

महादेवप्पांनी शनिवारचा सुकलेला हार काढला, नवा घातला आणि खोल्यांविषयी काही न बोलता निघून गेले. ते आता खोल्या मागणार नाहीत, असे आम्ही त्यावरून धरून चाललो. अजूनपर्यंत ते खरे ठरले आहे.

बुधवारी राजश्री मॅडम आल्या. सहाही कपाटे फळीफळीने पाहिली. दोन चरित्रे चुकीच्या आकड्याला लागली होती, ती काढून टेबलावर ठेवली. दारांवरची नावे वाचली आणि काही विचारले नाही. मग एक पुस्तक उघडून चिठ्ठीला नाक लावले.

"तारामतीबाई, ही खळ कशाची?"

"गव्हाच्या पिठाची, मॅडम. घरीच शिजवली."

"वर्गात काय सांगितलं होतं? पिठाच्या खळीला कसर लागते. चार पावसाळ्यांत चिठ्ठीबरोबर पुस्तकही जाईल. सगळ्या काढून दुसऱ्या डिंकानं लावा. पाच गुण कापते."

"कापा, मॅडम," बाई म्हणाल्या.

"कापलेच." मग मॅडमनी वाचकांच्या नोंदी मागवल्या आणि डिसेंबरातल्या देवघेवीवर बोट ठेवून थोडा वेळ बसल्या. जाताना हणमंतरावांच्या हॉटेलात त्यांनी दोन कप चहा घेतला आणि त्यात साखर जास्त आहे असे सांगितले.

निकाल फेब्रुवारीत लागला. बाई द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. कार्यकारिणीच्या बैठकीत मी प्रमाणपत्राची प्रत दप्तरी लावली आणि दुसरा ग्रंथपाल नेमण्याचा ठराव रद्द केल्याची नोंद घेतली. गुरुजींनी पेढे आणले होते. बाईंनी एक घेतला आणि वाचायला बसलेल्या म्हाताऱ्यांपुढे पुडा सरकवला. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावावे असे गुरुजींचे म्हणणे होते. बाई म्हणाल्या की भिंतीवर जागा नाही, आणि त्या जागेवर नव्या पुस्तकांची यादी लावली.

चिठ्ठ्या औशाच्या एका छापखान्यातून जाड कागदावर छापून आणल्या आणि बाईंनी पिठाच्या खळीच्या काढून त्या लावल्या. तिसरा खंड शिंप्याकडून आला आणि गौरम्माच्या घरी गेला. छपाईचे ४८० रुपये वाचनालयाने भरले आहेत. ते महादेवप्पांकडून येणे आहेत.